जिप्सीचं इंजिन: जपानहून आलेलं जुनं बसवावं, की आहे तेच बांधून घ्यावं?

कुही_फाटा · २ फेब्रुवारी, रात्री १०:१४

नमस्कार मंडळी. राहतो मानेवाड्याला, शेती कुहीकडे. बाबांनी २००३ साली घेतलेली एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनवाली) जिप्सी अजून घरात आहे आणि शेतावर जाणं-येणं तिच्यावरच. मीटरवर २ लाख १४ हजार. इंजिन आजवर एकदाही खोललेलं नाही.

दिवाळीपासून सकाळी स्टार्ट केली की निळा धूर सोडते. उमरेड रोडवर गिअर बदलून रेस दिली की मागचा दुचाकीवाला तोंडाला रुमाल लावतो. सातशे किलोमीटरला एक लिटर ऑइल पिते. मागच्या मे महिन्यात पाचगावजवळ टेम्परेचरचा काटा लालमध्ये गेला होता. सावली नव्हती, घर जवळ आलं म्हणून तशीच पाच किलोमीटर दामटली. ती माझी चूक. परवा कम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा दाब (पीएसआयमध्ये), काढलं: पहिला १६०, दुसरा १५५, तिसरा १०५, चौथा १५०.

मुंबईचा एक व्यापारी जपानहून आलेलं जी१३बी (जिप्सीतल्याच १३०० सीसी जातीचं) इंजिन ६८ हजारांत देतो म्हणतो, ट्रान्सपोर्ट वेगळं. "साठ हजार किलोमीटर चाललेलं, पंधरा दिवस चेकिंग वॉरंटी." आमचे मिस्त्री म्हणतात, आहे तेच खोलून, घासलेले भाग बदलून बांधू, ५५ ते ६० हजार लागतील आणि तीन आठवडे. मित्रांचं मत जपानी. आई म्हणते, जे आहे ते नीट कर. गाडी विकायची नाही, हे नक्की. ज्यांनी यातलं काही केलंय त्यांनी सांगा.

धंतोलीकर · २ फेब्रुवारी, रात्री १०:३१

तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काढून त्याचा फोटो टाका आधी.

सिल्लारी_गेट · २ फेब्रुवारी, रात्री ११:०५

भाऊ, पेंचमध्ये माझ्या दोन जिप्स्या सफारीले चालतात. एकीचं इंजिन दोनदा बांधलं, दुसरीचं एकदा. जपानी-बिपानी कशाले? रिंग, पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट सगळं अजूनही भेटते, फौजेत इतक्या वर्षं जिप्सी चालली तं पार्ट कुठं जाणार आहे? जंगलात गाडी बंद पडली अन् पाहुणे वर बसले असले, तवा इंजिन कोणत्या देशाचं आहे हे कोणी विचारत नाही. मिस्त्रीच्या हाताले माहीत असलेलं इंजिनच कामी येते.

एक गोष्ट मात्र पाह्य. एअर फिल्टरपासून थ्रॉटल बॉडीपर्यंतचा रबरी पाइप काढ अन् आतून बोट फिरव. बोटाले माती लागली तं समज तुझं इंजिन धुळीनं खाल्लं. मग नवं बसव नाही तं जुनं बांध, सहा महिन्यांत परत तेच.

टुरिस्ट_परवाना · ३ फेब्रुवारी, सकाळी ८:२०

मी दुसऱ्या बाजूचा अनुभव सांगतो. माझी क्वालिस होती, २००२ ची, २४४६ सीसीचं २एल डिझेल. नागपूर-शेगाव, नागपूर-माहूर अशी भाड्यानं चालायची. एका उन्हाळ्यात हेडला (सिलिंडरवरच्या झाकणाला) क्रॅक गेला, पाणी ऑइलमध्ये, ऑइल पाण्यात, रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत चहासारखं. हेड नवं मिळेना, वेल्डिंग केलेलं हेड दोन महिने टिकलं. शेवटी जपानहून आलेलं तेच २एल इंजिन बसवलं. चार वर्षं चालवलं आणि चालू स्थितीत गाडी विकली. एका शब्दाची तक्रार नाही.

म्हणून जपानी इंजिन म्हणजे फसवणूक असं सरसकट म्हणू नका. तिकडे गाडी चांगली असताना लोक का काढतात याला कारण आहे. शाकेन नावाची सक्तीची तपासणी असते, नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी, आणि ती स्वस्त नसते. गाडी जुनी झाली की करही चढतो. डिझेलच्या बाबतीत तर टोकियो-ओसाकाकडच्या शहरांत धुराच्या कायद्यामुळे जुन्या गाड्यांची नोंदणीच चालू ठेवता येईना. इंजिन धडधाकट, पण गाडीला रस्ता बंद. अशी इंजिनं बाहेरच्या देशांत गेली. माझं त्यातलंच होतं असं मी मानतो.

पांढरा_धूर · ३ फेब्रुवारी, सकाळी ९:४७

टुरिस्ट_परवाना, तुमचं नशीब बलवत्तर. माझं ऐका.

माझ्याकडे पहिल्या पिढीची होंडा सिटी आहे. चार वर्षांपूर्वी जपानी इंजिन मागवलं. व्यापाऱ्यानं मोबाइलवर व्हिडिओ पाठवला, लोखंडी स्टँडवर इंजिन चालू आहे, आवाज एकदम मऊ. पैसे पाठवले. वाडीच्या ट्रान्सपोर्टमधून लाकडी पेटी उचलली. बाहेरून चांदीसारखा रंग मारलेला. मिस्त्रीनं रंग खरवडला तर खाली वॉटर जॅकेटच्या बुचांना गंज. ऑइलचं झाकण उघडलं तर आतून काळा खरवस जमलेला. सम्प (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उतरवला, तळाशी चमचाभर चकचकीत चुरा. बेअरिंगचा. व्हिडिओतलं इंजिन आणि पेटीतलं इंजिन एकच होतं का, हे मला आजही माहीत नाही.

फोन केला तर म्हणे वॉरंटी फक्त ब्लॉक आणि हेड फुटलेलं असेल तर, आणि तुम्ही सम्प उघडला म्हणजे सील तोडलं. शेवटी तेच इंजिन इथं बांधलं. म्हणजे आयात इंजिनाचे पैसेही गेले आणि बांधणीचेही. बायकोला खरा आकडा दोन वर्षांनी सांगितला.

धंतोलीकर · ३ फेब्रुवारी, सकाळी १०:०२

काळा खरवस! आता पुढच्या वेळी गाय व्यायली की हाच धागा आठवणार.

डबा_अँबेसेडर · ३ फेब्रुवारी, दुपारी १:१५

थोडं विषयांतर, पण जपानी इंजिनाचं नाव निघालं म्हणून. आपल्या अँबेसेडरमध्ये नव्वदच्या दशकात इसुझूचं १८१७ सीसीचं पेट्रोल इंजिन आलं, कॉन्टेसामध्येही तेच. ते काही जहाजातून आलेलं जुनं नव्हतं, आपल्या शेजारी पिथमपूरला बनायचं. माझ्या अँबेसेडरमध्ये ते आहे. अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधून लग्नाच्या वरातीपर्यंत सगळं तिनं पाहिलं. इसुझूचे पार्ट आता मिळणं अवघड, म्हणून मलाही दोनदा जपानहून इंजिन आणायचा मोह झाला होता. दोन्ही वेळा मिस्त्रीनं थांबवलं. तो म्हणाला, "साहेब, हे इंजिन मला बोलते. थे दुसरं माझ्याशी बोलायले वर्षभर घेईल."

कुही_फाटा, तुमच्या जिप्सीच्या बाबतीत पार्ट मिळतात हे फार मोठं आहे. माझ्यासारखी अडचण तुम्हाला नाही.

मायक्रोमीटर · ३ फेब्रुवारी, रात्री ९:३८

मी हिंगणा एमआयडीसीत एका कारखान्याच्या मोजमाप विभागात काम करते, रोज बोअर गेज आणि मायक्रोमीटर हातात असतो. इथे सगळे "हे घ्या, ते घ्या" सांगताहेत, पण कुही_फाटा यांचं इंजिन आतून कसं आहे हे कुणालाच माहीत नाही. त्यांनाही नाही. आधी ते कळू द्या.

उघडण्याआधीची एक चाचणी फुकट आहे. तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा इंजिन ऑइल आत सोडा, दोन-चार फेरे सेल्फ मारा आणि कम्प्रेशन पुन्हा काढा. आकडा १०५ वरून चांगला चढला तर गळती रिंगांतून आहे, ऑइलनं ती फट तात्पुरती बुजवली. हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच खाली असते तर मी आधी गॅस्केटवर बोट ठेवलं असतं, पण तुमचा एकटा तिसराच खाली आहे.

मग हेड उतरवलं की मोजायच्या गोष्टी येतात. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मूळचा ७४ मिलीमीटर. वर, मधे आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी माप घ्या. बोअर अंडाकृती झालाय का आणि वरून खाली निमुळता झालाय का, हे त्यावरून कळतं. नुसतं "घासलाय" म्हणून चालत नाही, किती घासलाय ते लिहून घ्या. सुझुकीचे ओव्हरसाइज पिस्टन, मूळ मापापेक्षा ०.२५ आणि ०.५० मिलीमीटरनं मोठे, मिळतात, त्यात बसतं का ते ठरेल. हेड ॲल्युमिनियमचं आहे, लालमध्ये पाच किलोमीटर चाललंय, तेव्हा वाकलेलं असणार असं धरून चाला. सरळ पट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला, ०.०५ मिलीमीटरच्या वर जात असेल तर फेसिंग, म्हणजे घासून सपाट करणं. क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) मोजा. ते स्टँडर्ड, म्हणजे मूळ मापाचे, असतील तर निम्मी लढाई जिंकली.

हीच मापं त्या ६८ हजारांच्या इंजिनाचीही मागा. देत असतील तर विचार करा. देत नसतील तर तुम्ही इंजिन विकत घेत नाही, एक बंद पेटी विकत घेताय.

पांढरा_धूर · ३ फेब्रुवारी, रात्री ९:५२

ताई, तुम्ही चार वर्षांपूर्वी कुठे होता?

टुरिस्ट_परवाना · ४ फेब्रुवारी, सकाळी ७:५५

मायक्रोमीटर यांचं म्हणणं पटलं. पण एक सांगतो, भाड्याची गाडी तीन आठवडे उभी राहिली की हप्ता थांबत नाही. मला जपानी इंजिन बसवून गाडी चार दिवसांत रस्त्यावर आली होती. ज्याचं पोट गाडीवर आहे त्याचा हिशेब वेगळा असतो. आणि माझं इंजिन डोळे मिटून घेतलेलं नव्हतं. स्वतः मुंबईला गेलो, प्लग नसतात डिझेलला म्हणून ग्लो प्लग काढून कम्प्रेशन काढलं, क्रँकच्या पुलीला पाना लावून हातानं दोन पूर्ण फेरे फिरवलं, कुठं अडतंय का पाहिलं. सम्पचा बोल्ट काढून ऑइल तळहातावर घेतलं, उन्हात धरलं. मग पैसे दिले. बसवण्याआधी टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, दोन्ही बाजूंचे सील नवे टाकले. तेवढं केलं म्हणून टिकलं.

लेथवाला_काका · ४ फेब्रुवारी, दुपारी ३:४०

नातवानं धागा वाचून दाखवला. मी छत्तीस वर्षं बोअरिंग केलं, कामठी रोडवर माझी मशीन होती. आता पोरगा चालवते. राजेहो, बांधलेलं इंजिन काहून फेल जाते ते माझ्याकडून ऐका. बोअरिंगनं फेल जात नाही. घाईनं जाते.

पिस्टन हातात आल्याबिगर बोअर करायचा नाही. बॉक्सवर ०.५० लिहिलेलं असते, पण प्रत्येक पिस्टन मापून त्याच्या मापानं त्याचा बोअर. गिऱ्हाईक म्हणते, काका पिस्टन उद्या येतो, तुम्ही आज बोअर करून ठेवा. मी म्हणायचो, नवरदेव पाहिल्याबिगर शेरवानी शिवू काय? दुसरं, होनिंग. बोअरात तिरप्या रेघांची जाळी पाहिजे, त्यात ऑइल थांबते अन् रिंग बसते. काही लोक आरशावानी चमकवून देतात, गिऱ्हाईक खुश होते अन् गाडी जन्मभर ऑइल खाते. तिसरं, धुणं. होनिंगची बारीक पावडर पेट्रोलनं निघत नाही. गरम पाणी, साबण, ब्रश. धुतल्यावर पांढरं फडकं आतून फिरवा, फडकं पांढरंच निघालं पाहिजे. मग लगेच ऑइल लावा, नाही तं घंटाभरात गंज.

अन् पोरा, जिप्सीचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे, आत बिडाचे लायनर. ठोकाठोक करणाऱ्याकडे देऊ नको.

वर्धमाननगर_जय · ४ फेब्रुवारी, दुपारी ४:१२

काका, "नवरदेव पाहिल्याबिगर शेरवानी" हे मी माझ्या टीमला सोमवारी सांगणार आहे. सॉफ्टवेअरवाले आहेत, पण लागू होतं.

कलम_बावन्न · ४ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:३०

कागदाचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आरटीओची कामं करून देणं हा माझा व्यवसाय आहे.

इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो आणि तोच आरसीवर असतो. तेच इंजिन बांधलंत तर ब्लॉक तोच, नंबर तोच, कुणाला काही सांगायची गरज नाही. दुसरं इंजिन टाकलंत की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आलं. बदल आरटीओला कळवून आरसीवर नोंदवावा लागतो. आणि सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय की निर्मात्यानं ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार चालत नाही. म्हणजे तसंच, त्याच जातीचं इंजिन असेल तर बोलता येतं. जिप्सीत भलतंच मोठं इंजिन ठोकून "कोण बघतंय" म्हणणारे पुढे अडकतात.

कुही_फाटा यांची गाडी २००३ ची, म्हणजे पंधरा वर्षं उलटून पुन्हा नोंदणी झालेली. ती दर पाच वर्षांनी करावी लागते आणि त्या वेळी गाडी आरटीओला नेऊन दाखवावी लागते. इंजिन नंबर जुळला नाही तर तिथेच फाइल थांबते. अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेअरही आधी नंबरच बघतो.

आयात इंजिनासाठी व्यापाऱ्याकडून बिल ऑफ एंट्रीची (कस्टमच्या आयात कागदाची) प्रत आणि जीएसटीचं बिल मागा, त्यावर इंजिन नंबर लिहिलेला पाहिजे. जुने सुटे भाग बाहेरून आणायला डीजीएफटीचा (केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाचा) परवाना लागतो, ते मोकळ्या यादीत नाहीत. ज्याच्याकडे खरे कागद आहेत तो दाखवायला दोन मिनिटं लावतो. जो म्हणतो "बिल कशाला, भरवसा ठेवा", त्याच्याकडून स्पॅनरसुद्धा घेऊ नका.

टुरिस्ट_परवाना · ४ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:०१

हे मात्र खरं. माझ्या क्वालिसचा नंबर चढवून घ्यायला मला तीन चकरा लागल्या होत्या. पण चढवून घेतला, म्हणून विकताना त्रास झाला नाही.

एस्टीमप्रेमी · ५ फेब्रुवारी, सकाळी ११:२०

तिसरा रस्ता कुणी का सुचवत नाही? एस्टीममध्येही जी१३बीच होतं. भंगारात गेलेल्या एस्टीमचं इंजिन जपानीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं, आणि जिप्सीवाले वर्षानुवर्षं हे करत आलेत.

मायक्रोमीटर · ५ फेब्रुवारी, दुपारी १२:०५

त्यात एक मेख आहे आणि ती जपानी इंजिनालाही लागू आहे. एस्टीममध्ये इंजिन आडवं बसतं, जिप्सीत उभं. आतला ऐवज तोच असला तरी सम्प, इनटेक मॅनिफोल्ड, माउंटिंग, फ्लायव्हील हे जिप्सीचंच लावावं लागतं. आपली एस्टीम म्हणजे जपानच्या कल्टसचीच सेदान. जपानमध्ये बहुतेक जिम्नी ६६० सीसीच्या, १३०० वाल्या थोड्या. तेव्हा तिकडून "जी१३बी" म्हणून येणारं इंजिन कल्टससारख्या मोटारीतलं असण्याची शक्यता जास्त. त्या व्यापाऱ्याला विचारा, कुठल्या गाडीतलं आहे. उत्तर काय येतं ते इथे लिहा.

सिल्लारी_गेट · ५ फेब्रुवारी, दुपारी १२:४०

ताईनं बरोबर पकडलं. आमच्याकडे एकानं असंच एस्टीमचं टाकलं होतं, सम्प न बदलता. पुढच्या डिफरेन्शियलवर टेकला. दोन दिवस काढ-घाल, काढ-घाल.

तेलंगखेडी · ५ फेब्रुवारी, रात्री ८:१८

माझा मुद्दा वेगळा आहे. इंजिन कुठलंही टाका, आपल्या नागपूरच्या मे महिन्यात ४५-४६ डिग्रीत जे इंजिनाला सोसावं लागतं ते जपानमध्ये नसतं. माझ्या ओळखीतल्या तीन गाड्यांचं हेड गॅस्केट उन्हाळ्यातच गेलं आणि तिन्हींत रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी होतं. क्षार जमून नळ्या बुजतात. बाहेरून रेडिएटर नवाकोरा दिसतो, आतून वरण आटलेल्या पातेल्यासारखा असतो. वरच्या बाजूला हात लावला तर भाजतो, खालचा कोपरा थंड, म्हणजे तिथून पाणी फिरतच नाही.

कुही_फाटा, तुमचा काटा लालमध्ये का गेला ते शोधलंत का? इंजिनावर साठ हजार घालाल आणि तोच रेडिएटर परत लावाल, तर पुढच्या मे महिन्यात हाच धागा वर येईल.

धंतोलीकर · ५ फेब्रुवारी, रात्री ८:२६

इंजिनाचा बोअर, विहिरीच्या बोअरनं मारला.

कुही_फाटा · ६ फेब्रुवारी, रात्री १०:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं.

आज तीन कामं केली. एक, ऑइल घालून कम्प्रेशन पुन्हा काढलं. तिसरा १०५ वरून १४५ ला आला. रिंगच. दोन, सिल्लारी_गेट भाऊंनी सांगितलं तसं पाइप काढून आत बोट फिरवलं. बोट लाल झालं, आमच्या शेतरस्त्याची माती. फिल्टर बॉक्सच्या पुढे पाइपला खालून करंगळी जाईल एवढी चीर आहे, वरून दिसत नाही. तीन, मुंबईला फोन केला. इंजिन कुठल्या गाडीतलं विचारलं तर म्हणाले, "सुझुकीचं आहे साहेब, सगळ्यात बसते." बिल ऑफ एंट्री म्हटल्यावर म्हणाले माल पाहिजे की कागद पाहिजे. मी म्हटलं दोन्ही. त्यांनी फोन ठेवला.

सोमवारी हेड उतरवतोय.

लेथवाला_काका · ७ फेब्रुवारी, सकाळी ७:१०

हेडचे बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे ढिले कर. एकदम एका बाजूनं खोलू नको, वाकते. अन् इंजिन पूर्ण थंड झाल्यावर.

कुही_फाटा · ११ फेब्रुवारी, रात्री ९:२५

मापं आली. मायक्रोमीटर ताईंना विचारून मिस्त्रींच्या शेजारच्या वर्कशॉपमधून बोअर गेज आणला.

तिसऱ्या बोअरच्या वरच्या कडेला नखाला लागते अशी पायरी पडलीय. नख वरून खाली आणलं की टक्क अडतं. वर आणि खाली यांत ०.११ मिलीमीटरचा फरक. बाकी तिघांत ०.०६ ते ०.०७. तिसऱ्याची वरची रिंग काढून हातात घेतली तर कडा ब्लेडसारखी, बोट कापलं असतं. ऑइल रिंग तर काजळीनं खाचेत चिकटून बसली होती, फिरतच नव्हती. हेड ०.१२ नं वाकलेलं. पण क्रँक! नऊही जर्नल स्टँडर्ड मापात, एक ओरखडा नाही. मिस्त्री बराच वेळ क्रँककडे बघत होते आणि मग म्हणाले, "तुझ्या बाबांनी ऑइल वेळेवर बदललं रे." बाबांच्या डायरीत प्रत्येक ऑइल चेंजची तारीख आहे, हे मी त्यांना सांगितलं.

रेडिएटरही उघडला. तेलंगखेडी यांनी लिहिलं तसंच, खालच्या निम्म्या नळ्या पांढऱ्या क्षारानं बंद.

मायक्रोमीटर · ११ फेब्रुवारी, रात्री ९:४४

०.५० मध्ये आरामात निघेल. क्रँक स्टँडर्ड असेल तर बेअरिंग स्टँडर्डच टाका, ग्राइंडिंगला पाठवायचा आग्रह कुणी केला तरी पाठवू नका. चारही बोअर एकाच मापाला करा, फक्त तिसरा नाही. हेड फेसिंगला कमीत कमी काढा, जेवढं सरळ व्हायला लागेल तेवढंच.

टुरिस्ट_परवाना · १२ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

हे वाचून मी माझं मत थोडं बदलतो. ब्लॉक फुटलेला असता, क्रँक गेलेला असता, तर मी अजूनही म्हटलं असतं की कागदवालं चांगलं इंजिन शोधा. पण असा क्रँक घरात असताना बाहेरचं आणणं चूक ठरली असती.

पांढरा_धूर · १२ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

ती डायरी जपून ठेवा.

कुही_फाटा · १० मार्च, रात्री ८:४०

तीन नाही, चार आठवडे लागले. ०.५० चे पिस्टन चार दिवस उशिरा आले आणि ते हातात आल्याशिवाय बोअर करू दिला नाही. काम लेथवाला काकांच्या मुलाकडेच केलं, काका स्वतः येऊन खुर्ची टाकून बसले होते. धुतल्यावर पांढरं फडकं त्यांनी स्वतः फिरवलं, उजेडात धरलं, परत धुवायला लावलं. दुसऱ्यांदा पांढरं निघालं.

खर्च नवीन रेडिएटर, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, टायमिंग बेल्ट आणि तो चिरलेला पाइप धरून ७१ हजार झाला. ठरलेल्यापेक्षा जास्त, पण हे सगळं सामान जपानी इंजिन घेतलं असतं तरी घालावंच लागलं असतं. बोअरवेलचं पाणी बंद, कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये.

आज पाचशे किलोमीटर झाले, पहिलं ऑइल बदललं. डिपस्टिक सुरू केल्या दिवशी जिथे होती तिथेच. कम्प्रेशन १८५, १८५, १८०, १८५. सकाळी स्टार्ट केली तेव्हा आई मागे सायलेन्सरपाशी उभी होती. म्हणाली, काहीच दिसत नाही.

काकांना एक विचारायचं आहे. हजार किलोमीटरपर्यंत एकाच स्पीडला चालवू नको म्हणालात, पण कुही रोडवर तसंही एका स्पीडला चालवता येत नाही. ते पुरेल ना?

लेथवाला_काका · ११ मार्च, सकाळी ७:०२

पुरते. मधे मधे चढावर थोडा जोर दे, रिंग चांगली बसते. खूप रेस करू नको अन् ओझं लादू नको. हजार झाले की परत ऑइल बदल अन् गाडी इकडे घेऊन ये, चहा ठेवतो.